वन्संचं मौनव्रत

११ फेब्रुवारी

ही डायरी मला दातवाल्यांनी दिली. दातवाले म्हणजे निवृत्त दंतवैद्य, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर्वांत जुने विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत पाच वेळा नापास झालेत आणि चेहऱ्यावर त्याचं काडीचंही दुःख नाही. डायरी टूथपेस्ट कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांविषयी एक उपदेश.

"उद्या भाऊ-भावजय राहायला येणार म्हणालात ना," ते म्हणाले, "मग जे ओठावर येईल आणि बोलता येणार नाही, ते यात लिहा."

मी म्हटलं, मला बोलता येणार नाही असं काही नसतं. ते हसले आणि सिग्नल लाल असताना गिअर टाकायला लागले. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीला माझ्या पायाशीही ब्रेक असतो, आणि तो मी इतका वापरते की पोरं पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

तर उद्यापासून धाकटा आणि भावजय माझ्याकडे. ती चार महिन्यांची गरोदर आहे. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. धाकटा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि बायको जिने चढते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझं घर तळमजल्यावर. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत आतापर्यंत जुने टायर होते. ते हलवले. पडदा नवा आणला. जुना फाटलाच होता.

मला एकटं राहायची सवय आहे. दोघं आले तर थोडी गैरसोय होणार, पण भाऊ आहे, करायलाच हवं.

१२ फेब्रुवारी

सामान आलं. भावजयीच्या तीन बॅगा आणि एक शिट्टी. ती तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. मुलं तिला मासोळीताई म्हणतात. मला ती वन्सं म्हणते. लग्नाच्या वर्षी थट्टेनं सुरू केलं होतं, ते चिकटलं.

संध्याकाळी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी खरं म्हणजे फक्त गाडी चालवायला होते, पण भावजयीने हात धरून आत ओढलं.

मागच्या वेळी पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याआधी मूल राहावं म्हणून तीन वर्षं इंजेक्शनं, गोळ्या, तारखा. मग दोघांनी सगळं सोडून दिलं आणि वर्षभराने हे आपोआप राहिलं. घरात कोणी मोठ्याने आनंदसुद्धा केला नाही, दृष्ट लागेल म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. बाळ मजेत होतं, पाय झाडत होतं. पण गर्भाशयाचं तोंड जेवढं लांब असायला हवं तेवढं नाही, आखूड झालंय. त्यामुळे बाळ फार आधी येण्याचा धोका आहे.

"यावर एक हार्मोन देता येतं," त्या म्हणाल्या. "प्रोजेस्टेरॉन. रोज रात्री एक कॅप्सूल, आतून ठेवायची. नववा महिना लागेपर्यंत."

"म्हणजे मग धोका नाही?" धाकट्याने विचारलं.

"कमी होतो. संपत नाही. काही जणींना चांगला उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि तुम्ही कोणत्या त्यातल्या हे मला आधी सांगता येत नाही. बाळाला अपाय झाल्याचं आढळलेलं नाही, पण छातीवर हात ठेवून हमी मी कशाचीच देत नाही. मी तुमच्या जागी असते तर घेतलं असतं. पण तुमच्या जागी मी नाही."

नको असेल तर वारंवार तपासत राहायचं, वेळ पडली तर टाका घालायचा. ठरवायला एक आठवडा. त्याहून उशीर नको.

बाहेर आल्या आल्या धाकटा म्हणाला, "घेऊया. डॉक्टर सांगतायत तर घेऊया."

भावजय म्हणाली, "नको. झालं तेवढं औषध पुरे झालं."

 घरापर्यंत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. दातवाल्यांना कसं कळलं असेल देव जाणे.

१४ फेब्रुवारी

भात करपला. मी स्वयंपाक करते असं नाही, मी अन्न शिजवते. एकटीला चालून जातं. भावजयीने करपलेला भात दोनदा घेतला आणि खरवड छान लागते म्हणाली. चांगली आहे मुलगी, पण जिभेला चव नाही.

दुपारी मागच्या अंगणात टायर बदलत होते. धाकटा मदतीला आला. नट आवळता आवळता म्हणाला, "ताई, तू तिला सांग ना. नको घेऊ म्हणावं."

माझ्या हातातून पाना पडला. "अरे, तूच तर घेऊया म्हणतोयस. सकाळीसुद्धा म्हणालास."

"तिला बाळ हवंय. मी नको म्हटलं तर तिला वाटेल मला नकोय." तो नटाकडे बघत बोलत होता. "तुला माहीत नाही मागच्या औषधांनी तिचं काय झालं होतं. अंगाला सूज, रात्रंदिवस रडणं. एकदा तलावावर एका चिमुरड्या मुलीवर ओरडली आणि मग घरी येऊन तीन दिवस उठली नाही. मी बायकोशी बोलायचो आणि उत्तर दुसरंच कोणी द्यायचं. मला पुन्हा ती हरवायची नाहीये, ताई."

"मग हे तिला सांग."

"नाही. तू सांग, पण मी म्हटलं म्हणून नको सांगू. माझ्या गळ्याची शपथ."

नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलंय. त्याच्या गळ्याची शपथ मोडायची म्हणजे काय. हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

हे लिहायलाच हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल.

आज भावजयीला तलावावर सोडायला गेले. ती आता पाण्यात उतरत नाही, काठावर खुर्ची टाकून शिट्टीने शिकवते. मुलांचा वर्ग संपल्यावर ओल्या फरशीकडे बघत बसली होती. मी शेजारी बसले. क्लोरीनच्या वासाने माझे डोळे चुरचुरतात.

"वन्सं, त्याला समजवा ना तुम्ही."

"काय समजवू?"

"मला घ्यायचंय ते औषध."

मी म्हटलं, "काय?" इतक्या जोरात, की पलीकडच्या टोकाचा पोहणारा थांबला.

"घ्यायचंय. मनापासून. पण मागच्या वेळी त्याने किती सोसलं. मी भांडी फेकायचे, तो गोळा करायचा. एकदा जिन्यात बसून रडत होता, मी वरून पाहिलं. त्याला वाटतं मला माहीत नाही. आता तो घेऊया म्हणतो ते माझ्यासाठी म्हणतो, चेहऱ्यावर दिसतं. म्हणून मी नको म्हणते. त्याला पुन्हा त्यात ढकलायचं नाही मला."

"अगं मग..." आणि मी थांबले. गळ्याची शपथ.

"आणि मी हे बोलले असं त्याला सांगायचं नाही. तुम्हाला माझी शपथ."

म्हणजे ज्याला नकोय तो घे म्हणतोय, जिला हवंय ती नको म्हणतेय, दोघंही एकमेकांवर उपकार करतायत, आणि मधल्या मधे माझा जीव चाललाय. यापेक्षा चढावर ट्रक मागे घ्यायला शिकवणं सोपं.

पानाच्या तळाशी आजचा उपदेश: "तोंड स्वच्छ ठेवा." माझं तोंड बंद आहे, स्वच्छतेचं काय घेऊन बसलात.

१६ फेब्रुवारी

सकाळच्या मुलीला मी डावीकडे वळ म्हणून उजवीकडे हात केला. ती बिचारी सरळ गेली.

नंतर दातवाले. चौकातून तिसऱ्यांदा तीच फेरी मारल्यावर त्यांनीच गाडी कडेला घेतली, अगदी नीट, इंडिकेटर देऊन. "आज तुम्ही एकदाही ओरडला नाहीत," ते म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

मी म्हटलं, एका ओळखीच्या घरची गोष्ट आहे. आणि सांगितली. नावं नाहीत, नाती नाहीत, नुसतं एक बाई आणि एक बुवा.

"बुवा लिफ्ट दुरुस्त करतो का?"

"मी असं म्हटलं का?"

"नाही, नाही. ओळखीचेच असतील." ते थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. "माझ्याकडे असे पेशंट यायचे. दुखतो एक दात, दाखवतात दुसरा. मी काही विचारत बसायचो नाही. खुर्ची मागे करायची आणि तोंड उघडायला लावायचं. खुर्चीतून पळता येत नाही ना."

मग मला म्हणाले, "गाडीतूनही येत नाही. मागच्या सीटवरून तर अजिबात नाही."

माणूस गाडी चालवण्यात ढ आहे, पण डोक्याने नाही.

१८ फेब्रुवारी

आज केलं.

सरावाच्या मैदानावर आज कोणी नव्हतं. दोघांना म्हटलं, चला, जरा हवा खाऊन येऊ. मागे बसवलं. मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, मागच्या काचा चार बोटं खाली केल्या, आणि उतरून त्यांच्याकडे वळले. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप असतं, आतून उघडत नाही. पुढे सरकायचं तर भावजयीचं पोट आड येणार आणि धाकट्याचे खांदे.

मी म्हटलं, "नीट ऐका. तू हिला जे सांगतोस ते तुझ्या मनातलं नाही. आणि तू त्याला जे सांगतेस ते तुझ्या मनातलं नाही. कोणाच्या मनात काय आहे ते मी सांगणार नाही, मी शपथा घेतल्यात. तुम्हीच सांगा. झालं की काच वाजवा."

दार लावलं आणि निघाले. मागून धाकटा "ताई, ए ताई" करत होता.  पस्तीस वर्षं मी लोकांना गाडीत बसवतेय, बाहेर राहून गाडीकडे बघत बसायची ही पहिलीच वेळ.

मैदानाच्या कडेला बाकावर दातवाले बसले होते. आज त्यांचा वर्ग नव्हता. म्हणाले, सहज चाललो होतो. हातात थर्मास होता आणि दोन कप. सहज चालणारा माणूस दोन कप कशाला घेऊन हिंडेल, पण विसराळू आहेत, एखादा जास्तीचा आला असेल.

चहा पीत आम्ही गाडीकडे बघत होतो. आधी दोन डोकी लांब लांब. मग धाकट्याचं डोकं खाली. मग भावजयीचे हात हवेत, ती चिडली की असंच करते. मग आवाज आला, त्याचा, "जिन्यात पाहिलंस? मग सांगितलं का नाहीस?" आणि तिचा, "तू तरी कुठे सांगितलंस?" मग काहीच नाही. फार वेळ काहीच नाही. मला वाटलं जाऊन बघावं. दातवाल्यांनी माझ्या बाहीला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, "थांबा. तुमचा ब्रेक इथे नाही."

शेवटी काच वाजली. दार उघडलं तर दोघांची नाकं लाल.

"हिला भूक लागलीय," धाकटा म्हणाला.

"ठरलं का?"

"नाही," भावजय म्हणाली. "आता मी घ्यायचं म्हणते आणि हा नको म्हणतो. पण निदान खरं भांडण चाललंय." आणि हसायला लागली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "वन्सं, तुम्ही फार वाईट आहात."

कबूल आहे मला. दातवाल्यांचा चहा मात्र चांगला होता.

१९ फेब्रुवारी

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे. या वेळी धाकट्याने खरा प्रश्न विचारला.

"ही पुन्हा तशी होईल का?"

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पाहिले. "ती औषधं वेगळी होती, कामही वेगळं होतं. हे त्यातलं नाही. झोप येईल, छाती जड वाटेल, कदाचित हळवेपणा वाढेल. मन फारच बिघडतंय असं वाटलं तर मला सांगायचं, आपण थांबू. कॅप्सूल सुरू केली म्हणजे तुरुंगात गेलात असं नाही."

मग भावजय बोलली. पर्सचा पट्टा पिळत होती. "माझा एक प्रश्न आहे. मी घेतलं नाही आणि काही झालं, तर माझ्यामुळे झालं असं होईल का?"

"नाही."

"आणि घेतलं, तरीही झालं तर?"

"तरीही नाही." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळीही नाही. तुम्ही हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. किंवा मीच न विचारता सांगायला हवं होतं."

 भावजयीने एक श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं दोन वर्षं आत धरून ठेवला होता. धाकटा खिडकीबाहेर बघत होता, बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"मग मी घेते," ती म्हणाली. आणि त्याच्याकडे वळून, "पण एक अट. मी हरवायला लागले तर लगेच मला सांगायचं. जिन्यात जाऊन बसायचं नाही."

"आणि तू भांडी फेकलीस तर?"

"तर वन्संची फेक म्हणून सांग. तशीही ती करपलेलीच आहेत."

परतताना औषधाच्या दुकानासमोर मी गाडी जिथे उभी करायची नाही तिथे उभी केली. आयुष्यात पहिल्यांदा.

२ मार्च

कॅप्सूल चालू आहे. भावजय कुठेही झोपते. काल ऑफिसात शिकाऊ लायसन्सचा फॉर्म भरायला आलेल्या गृहस्थांसमोर वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याखाली खुर्चीत झोपली. डोक्यावर नेमकं "हॉर्न वाजवू नका". गृहस्थ कुजबुजत बोलले.

आज ती साबणाची जाहिरात बघून रडली. धाकटा पांढराफटक. धावत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, "तू रडतेयस. मी सांगतोय. लपवत नाहीये."

"अरे, त्या जाहिरातीत आजोबा एकटेच कपडे धुतात. माणूस रडेल नाही तर काय?"

मीही पाहिली ती जाहिरात. क्लोरीनचा वास नव्हता तरी डोळे चुरचुरले.

१२ मार्च

आजचा दिवस आम्ही कोणीच बोललो नाही, म्हणजे त्या विषयावर बोललो नाही. मागच्या वेळी याच आठवड्यात गेलं होतं.

मी सकाळचे सगळे वर्ग रद्द केले होते. गाडी धुवायची होती. धाकटा कामावर गेला आणि दोन तासांत परत आला, पक्कड विसरलो म्हणाला. पक्कड त्याच्या खिशात होती, मला दिसत होती. परत गेलाच नाही. दातवाले सूप घेऊन आले, त्यांच्याकडे जास्त झालं होतं. एकटा माणूस सूप इतकं कसं काय करतो कोण जाणे.

भावजय आमच्या तिघांकडे बघत मधल्या खोलीत बसली होती. मग म्हणाली, "तुम्ही सगळे असे माझ्याभोवती उभे का आहात? मी काय बसस्टॉप आहे?"

मग पत्ते काढले. दातवाले पत्त्यांत लबाडी करतात. भावजय जिंकली. जेवणाच्या वेळी पोटावर हात ठेवून म्हणाली, "लाथ मारली. जोरात." धाकट्याने हात ठेवला, काही लागलं नाही. मग मला म्हणाली, तुम्ही ठेवा. मी म्हटलं माझे हात ग्रीसचे आहेत. नव्हते. पण ठेवला. लागलं.

७ मे

आज फार झालं. 

सकाळी अकराच्या सुमारास भावजयीच्या पोटात कळा यायला लागल्या. अजून दोन महिने बाकी. धाकटा कुठल्यातरी उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात, फोन लागेना. मी किल्ली घेतली आणि ती गाडीच्या दाराच्या कुलपात जाईना. पस्तीस वर्षं गाडी चालवणारी मी. किल्ली तीनदा खाली पडली.

दातवाले वर्गासाठी आले होते. त्यांनी किल्ली उचलली आणि म्हणाले, "तुम्ही मागे तिच्याजवळ बसा."

मी म्हटलं, तुम्हाला येत नाही. ते म्हणाले, बसा.

आणि मग त्यांनी गाडी चालवली. काय सांगू. लोण्यातून सुरी. चौकात न अडखळता, गतिरोधकावर पाण्याचा ग्लास हिंदकळणार नाही असं, रुग्णवाहिकेच्या जागेत एका झटक्यात उलटी लावली. मी मागे भावजयीचा हात धरून बसले होते आणि माझा पाय एकदाही नसलेल्या ब्रेककडे गेला नाही.

कळा खऱ्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भाशयाचं तोंड बंद आहे, बाळ ठीक आहे. एक रात्र ठेवून घेतो म्हणाल्या. धाकटा संध्याकाळी पोहोचला, डोक्यापासून पायापर्यंत काळा. नर्सने त्याला दारातच थांबवलं. त्याने दारातूनच विचारलं, "आहेत ना दोघं?" आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

घरी येताना मी दातवाल्यांना विचारलं, इतकं सुरेख चालवता येतं तर परीक्षेत नापास का होता?

"परीक्षेत घाबरतो," ते म्हणाले.

सात वेळा नापास झाले आतापर्यंत. मी त्यांना दीर्घ श्वास घ्यायचा व्यायाम सांगितला.

९ मे

भावजय घरी आली. दातवाल्यांच्या ड्रायव्हिंगची गोष्ट तिला सविस्तर सांगितली, परीक्षेच्या भीतीचीही. ती उशी तोंडावर धरून हसत राहिली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही वन्सं. त्यांना आणखी शिकवा. वर्षानुवर्षं शिकवा." पुन्हा हसली. कळ येईल म्हणून मी जास्त विचारलं नाही. हार्मोनचा परिणाम असावा.

१७ जून

आज कॅप्सूल बंद करायची होती. नववा महिना लागला. मला वाटलं घरात आनंद होईल. तर भावजय रिकाम्या डबीकडे बघत बसलेली.

"अजून एक आठवडा घेऊ का?"

धाकटा म्हणाला, "तू? तू तर औषध पुरे झालं म्हणत होतीस."

"तेव्हा घ्यायची भीती होती. आता सोडायची आहे."

फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिचं काम झालं, आता बाळ येईल तेव्हा येऊ द्या. भावजयीने फोन ठेवला, डबी कचऱ्यात टाकली, आणि पिशवी बांधून धाकट्याच्या हातात दिली. "आत्ताच्या आत्ता बाहेर टाकून ये. नाहीतर मी परत काढीन."

तो पळत गेला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हरवले नाही ना मी, वन्सं?"

मी म्हटलं, तू हरवायला जागा कुठे आहे या घरात. चार पावलांवर भिंत आहे. तिला ते पुरलं असावं, झोपली.

२६ जून

मुलगी.

काल दुपारी. भरपूर केस, धाकट्याचे कान, आणि आवाज असा की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही आत्याच्या वळणावर गेलीय.

मी तिला घेतलं. आधी नाही म्हटलं होतं, मला सवय नाही म्हणून, पण भावजयीने माझ्या हातातच ठेवली. वजन नाहीच म्हणा ना. माझी टूलकिट जास्त जड आहे. पण टूलकिट धरताना मी श्वास रोखून धरत नाही.

धाकट्याने विचारलं, "हे औषधामुळे झालं, नाही का?"

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित. कदाचित ती तशीही थांबली असती. ते आता तुम्हाला किंवा मला कधीच कळणार नाही."

धाकट्याला ते आवडलं नाही, त्याला लिफ्ट का चालली ते कळलं पाहिजे असतं. भावजय मात्र डोळे मिटून म्हणाली, "चालेल. नाही कळलं तरी चालेल."

२९ जून

उद्या तिघं दवाखान्यातून येणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आता जिने चढायला हरकत नाही. म्हणजे आता ते आपल्या घरी जाणार. जायलाच हवं, स्वतःचं घर आहे त्यांचं.

दिवसभर त्यांचं सामान बांधलं. तीन बॅगांच्या पाच झाल्यात. शिट्टी वर ठेवली, सापडावी म्हणून. मागच्या खोलीतला पडदाही काढून घडी करून त्यात घातला. बाळाला हलका उजेड लागतो म्हणतात, आणि मला एकटीला काय करायचाय. सगळं दाराशी नीट रांगेत लावलं. घर मोठं दिसायला लागलं. बरं वाटलं, हात-पाय हलवायला जागा झाली. रात्री जेवण केलं नाही, भूक नव्हती, दुपारचं जास्त झालं असेल.

३० जून

आले. गाडी दातवाल्यांनी आणली, शेजारच्या सीटवर मी. पुढे "शिकाऊ" पाटी लावूनच.

भावजय बाळाला घेऊन दारात आली आणि बॅगांना अडखळली. "वन्सं, हे कुठे निघालं?"

मी म्हटलं, तुमच्या घरी. जिने चढायची परवानगी मिळाली ना.

ती धाकट्याकडे बघायला लागली. धाकटा पायाकडे. मग त्याने खिशातून टेप काढली. "ताई, मी मागच्या खोलीचं माप घेणार होतो. पाळण्याला भिंतीत हुक बसवायचाय. तिसऱ्या मजल्याचं घर आम्ही गेल्याच आठवड्यात सोडलं. तुला सांगायचं होतं." आणि बायकोकडे बघून, "हिने सांगितलं असेल असं मला वाटलं."

"मला वाटलं तू सांगितलंस," ती म्हणाली.

मी दोघांकडे पाहिलं. गाडीची किल्ली माझ्या हातातच होती. धाकटा लगेच म्हणाला, "नको ताई, मागच्या सीटवर नको. आम्ही बोलतो, इथेच बोलतो."

"म्हणजे तुम्हाला चालत असेल तरच," भावजय म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "तुम्हाला एकटं राहायची सवय आहे, माहीत आहे मला."

  मी नुसती रांगेतली पहिली बॅग उचलली आणि आत नेली. मग दुसरी. दातवाल्यांनी तिसरी उचलली.

सामान लावता लावता कंबर मोडली. पडदा परत लावला. उद्या सकाळचे दोन्ही वर्ग रद्द केलेत: बाळाला अंघोळ कशी घालायची ते भावजय मला शिकवणार आहे. पाण्याशी तिची ओळख जुनी. तिने आधीच बजावलंय, पहिल्या दिवशी फक्त बघायचं, हात लावायचा नाही, आणि मी घाबरले तर तीच टब धरेल.